चारनंतर पाणी नाही

अक्षदा परब परळच्या एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर होती. मेडिकल वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटांची ती लाडकी. कुणाची चादर ओली झाली तर मावशींना हाक मारून ती वाट बघत बसायची नाही. स्वतःच पडदा ओढायची, पेशंटला कुशीवर वळवायची आणि बोलता बोलता खालची चादर काढून नवी घालून मोकळी व्हायची. पेशंट ओशाळला तर म्हणायची, "काका, त्यात काय एवढं? शरीर आहे, चालायचंच." ती हे मनापासून म्हणायची. नव्या मुलींना मेट्रन सांगायच्या, अक्षदाकडून शिका.

घरी ती आणि तिची आई जाईबाई, दोघीच. लालबागच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा जुन्या भाडेकरूंना मागच्या इमारतीत घरं मिळाली. त्यात यांना अकराव्या मजल्यावर वन बीएचके मिळालं. बाबा गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांतच गेले होते. अक्षदाचं लग्न झालं नव्हतं. स्थळं आली होती, एक तर ठरतही आलं होतं, पण दर वेळी तिनंच काहीतरी खुसपट काढलं. पोरगी शिष्ट आहे, असं लोक म्हणायचे. खरं कारण तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या माणसाशेजारी रात्रभर झोपायचं, या नुसत्या विचारानंच ती मागे फिरायची.

गेल्या वर्षी जाईबाईंना अर्धांगाचा हलका झटका आला. हात सुधारला, जीभ सुधारली, पण लघवीवरचा ताबा गेला तो गेलाच. डायपरला त्या तयार नव्हत्या. "मी काय तान्हा पोर गो?" म्हणायच्या. ओली झालेली चादर घडी करून गादीखाली सारायच्या. अक्षदा ड्युटीवरून यायच्या वेळी खोलीत उदबत्ती लावून, भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. अक्षदा काही न बोलता गादी उचलायची. वॉर्डात दिवसभर जे काम तिचे हात सहज करायचे, तेच घरी करताना तिचा जबडा आवळला जायचा. थकवा असेल, असं ती स्वतःला सांगायची.

मग एका रविवारी सुरुची आली. सुरुची चाळीतल्या शेजारची, आता वरच्या मजल्यावर राहायची. मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला ती होणाऱ्या विहीणबाईंना घेऊन आली होती. जाईबाई धुवट पातळ नेसून कॉटवर बसल्या होत्या. चहा झाला. विहीणबाई त्यांच्याशेजारी जरा टेकल्या आणि लगेच उठल्या. पाठीमागे हात नेऊन त्यांनी साडी चाचपली. कुणीच काही बोललं नाही.

बोलली ती अक्षदा.

"बघा, बघा हिचे प्रताप! एवढी झाली तरी अक्कल नाही. अगं, लाज कशी वाटत नाही तुला? चार माणसांत माझी शोभा करतेस?"

तेवढ्यावर ती थांबली नाही. आईला दंडाला धरून तिनं बाजूला सरकवलं, गादीखालची चादर उपसली आणि सगळ्यांसमोर फरशीवर फेकली. "घ्या, बघून घ्या सगळ्यांनी."

जाईबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. सुरुचीनं पाहुणीला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. दार लागलं. अक्षदानं बादली आणली, फिनेल टाकलं आणि फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता मध्येच तिचा हात थांबला. मघाशी तोंडातून गेलेली वाक्यं तिची नव्हती. ती तिनं याच क्रमानं, याच सुरात पूर्वी ऐकली होती.

लहानपणी अक्षदा अंथरूण ओलं करायची. दहा-अकरा वर्षांची झाली तरी ते थांबलं नव्हतं. एकच खोली. आई, बाबा, गावाहून आलेला काका आणि त्याचं कुटुंब, आठ माणसं खाली ओळीनं झोपायची. बाबा गिरणीच्या संपानंतर घरीच होते, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आई पहाटे उठून एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायची. एका सकाळी ओली गोधडी बघून तिचा तोल गेला. तिनं गोधडी गॅलरीच्या कठड्यावर पसरली आणि अक्षदाला त्याच ओल्या फ्रॉकमध्ये शेजारी उभं केलं. "बघा, बघा हिचे प्रताप! बघू दे सगळ्यांना. लाज वाटली म्हणजे तरी सुटेल." आणि ती कामाला निघून गेली. अक्षदाला तिथून हलायची हिंमत झाली नाही. नळाचं पाणी यायची वेळ होती. सगळा मजला हंडे-कळश्या घेऊन तिच्यासमोरून गेला. पाणी आलं की कुणीतरी ओरडायचं, "नळ आला, नळ आला!" त्या दिवसापासून ती दिसली की मजल्यावरची पोरं तसंच ओरडायला लागली. त्यात सुरुचीही होती.

मग अक्षदानं आपला उपाय शोधला. दुपारी चारनंतर पाणी प्यायचं नाही. जीभ टाळ्याला चिकटायची, उन्हाळ्यात डोकं दुखायचं, पण गोधडी कोरडी राहायला लागली. जाईबाई सगळ्यांना सांगायच्या, चारचौघांत लाज काढली म्हणून सुटलं.

त्या रविवारनंतर जाईबाईंच्या चादरी कोरड्या राहायला लागल्या. अक्षदाला बरं वाटलं. आई बोलत नव्हती, पण ती रागावली असेल, उतरेल राग, असं तिनं धरलं. मग एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जाईबाई ग्लानीत होत्या. अंग तापलं होतं, ओठांना चिरा पडल्या होत्या, आणि त्या कुणातरी मेलेल्या माणसाशी मालवणीत बोलत होत्या.

अक्षदानं त्यांना आपल्याच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, "लघवीचं इन्फेक्शन आहे, आणि अंगात पाणी अजिबात नाही. सिस्टर, तुमच्या घरात हे कसं झालं?"

बरोबर सुरुची होती. ती हळूच म्हणाली, "काकी दुपारनंतर पाणी पीतच नव्हती गं. मी रोज विचारायची. म्हणायची, नको, अक्षदाक त्रास होता."

अक्षदा वॉर्डाबाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही. घशाला मात्र इतकी कोरड पडली की गिळता येईना. जवळच वॉटर कूलर होता. उठून पाणी प्यावं, हे तिला सुचलंही नाही.

हॉस्पिटलात कॅन्सरच्या पेशंटांच्या घरच्यांशी बोलायला शेफाली नावाच्या समुपदेशक यायच्या. अक्षदानं त्यांना लिफ्टपाशी गाठलं. "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," ती म्हणाली, "त्यांना जरा तुमच्याकडे पाठवायचं होतं." शेफालींनी तिच्याकडे नीट बघितलं आणि आपला दादरचा पत्ता दिला. "त्यांना म्हणावं, एकट्या या. घाईत येऊ नका."

शिवाजी पार्कामागच्या गल्लीत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर शेफालींची खोली होती. दोन वेताच्या खुर्च्या, खिडकीबाहेर बदामाचं झाड. पहिल्या दिवशी अक्षदानं केस-हिस्टरी सांगावी तसं सगळं सांगितलं. आईचा आजार, रविवार, पाणी. बालपणाबद्दल एकच वाक्य. शेफालींनी मध्ये कुठेही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुमच्यातलं कोण बोललं?"

अक्षदा चिडली. "म्हणजे? माझ्या अंगात वगैरे येत नाही हां मॅडम."

"नाही, तसं नाही. आपण म्हणतो ना, एक मन म्हणतं जा, एक मन म्हणतं नको? माझी कामाची पद्धत त्यावरच आहे. आपल्या आत बरीच जणं राहतात. कुणी ओरडतं, कुणी सगळं निभावून नेतं, कुणी लपून बसतं. यातलं कुणीच वाईट नसतं. प्रत्येकानं कधीतरी आपल्यालाच वाचवायला एखादं काम अंगावर घेतलेलं असतं."

"एका खोलीत आठ माणसं," अक्षदा कोरडेपणानं म्हणाली. "त्याची सवय आहे मला."

तरी ती परत गेली. आई हॉस्पिटलातून घरी आली होती, पण अशक्त झाली होती. दुपारनंतर अक्षदा ग्लास तोंडाशी धरायची, जाईबाई ओठ मिटून घ्यायच्या. "माका नको. तहान नाय." वॉर्डात शंभरदा वापरलेल्या युक्त्या घरी चालत नव्हत्या.

शेफालींच्या खोलीत डोळे मिटून बसल्यावर अक्षदाला सगळ्यात आधी सापडली ती ओरडणारी. दारात उभी, कमरेवर हात, पोळ्यांचं पीठ कोपरापर्यंत.

"ती आईसारखी दिसते," अक्षदा म्हणाली. "पण वय माझं आहे."

"तिला विचारा, ती ओरडली नाही तर काय होईल अशी तिला भीती वाटते?"

अक्षदानं डोळे आणखी घट्ट मिटले. मग म्हणाली, "ती म्हणते, मी ओरडले नाही तर लोक ओरडतील. लोकांनी बोलायच्या आत आपणच बोलून टाकायचं. म्हणजे कमी लागतं."

त्या रविवारी विहीणबाईंनी साडीला हात लावला, त्या क्षणी आपल्या कानात काय वाजलं, ते तिला आता कळलं. नळ आला.

दुसरी भेटली ती पांढऱ्या युनिफॉर्ममधली. ती न थकता, न बोलता सारखी चादरी बदलत होती. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि अक्षदाला तिचा अभिमान होता. या दोघींच्या मागे, गॅलरीच्या टोकाला, पाठ करून एक मुलगी उभी होती. अक्षदाला ती दिसायची, पण तिच्याकडे जाता यायचं नाही.

"तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" शेफालींनी एकदा विचारलं.

अक्षदानं खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून खरं आलं. "किळस."

"बरं. मग ज्या कुणाला किळस येते, त्यालाही जरा बाजूला बसायला सांगूया? हाकलायचं नाही. फक्त थोडी जागा द्यायची."

त्या दिवशी ती घरी जाऊन कुकर न लावता झोपली. नंतर दोन वेळा खोटी कारणं देऊन गेलीच नाही. शेफालींनी फोन करून विचारलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला. मग आपणच गेली, आणि गेल्या गेल्या म्हणाली, "बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटतंय मला. पूर्वी निदान झोप तरी लागायची."

"हो," शेफाली म्हणाल्या. "काही काळ तसं होतं. आपण हळू जाऊ."

पावसाळा सरला, गणपती झाले. दिवाळीच्या आसपास एका दुपारी अक्षदा त्या मुलीपर्यंत पोचली. किळस येणारं कुणीतरी खुर्चीत मागे बसलं होतं, ओरडणारी दारात उभी होती, पण गप्प. अक्षदा मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कठड्यावर गोधडी होती. मुलीनं वळून बघितलं नाही. नुसतं विचारलं, "तू कुठे होतीस इतके दिवस?"

"मी काय सांगू तिला?" अक्षदानं डोळे न उघडता विचारलं.

"जे खरं असेल ते."

"मी पळाले," अक्षदा म्हणाली. "तुला इथेच ठेवून पळाले. मलाही तुझी लाज वाटायची."

अक्षदा गोधडी उचलायला गेली. मुलगी म्हणाली, राहू दे, आधी हे. आणि तिनं फ्रॉक चिमटीत धरून दाखवला. मांड्यांना चिकटलेला, गार.

"तिला कोरडा फ्रॉक हवाय," अक्षदा म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तोंड उघडं टाकून, नाक गळेपर्यंत रडली. "एवढंच हवं होतं हो मॅडम तिला. त्या सगळ्या माणसांतल्या एकालाही सुचलं नाही."

शेफालींच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आता कोण देणार तिला?"

त्यानंतर जादू वगैरे काही झाली नाही. अक्षदाचा जबडा आवळायचाच. फरक इतकाच की आता तो आवळतोय हे तिला आधी कळायचं. ती गादीपाशी थांबायची, मनातल्या दारातल्या बाईला म्हणायची, कळलं गं, तुला भीती वाटतेय, आता इथे कुणी बघत नाहीये. मग चादर बदलायची. कधी जमायचं, कधी नाही.

एका सकाळी आईला पुसून, कोरडा गाऊन घालून झाल्यावर ती कॉटपाशी खाली बसली.

"आई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला बोलले. चुकलं माझं."

जाईबाई छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "परक्या बाईसमोर तरी नको होता."

"नकोच होतं."

"मी पण तुका उभी केल्लंय." अक्षदा चमकली. आईनं हा विषय आजवर स्वतःहून कधी काढला नव्हता. "तुझी आजी म्हणायची, चार माणसांत लाज काढ, मगे सुटतला. आणि सुटला मां?"

दारातली बाई पुढे सरसावली होती. अक्षदानं तिला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सुटलं नव्हतं आई. मी पाणी सोडलं होतं. चारनंतर प्यायचेच नाही. आता तू पीत नाहीस ना, तसंच."

जाईबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. माफी मागतील असं अक्षदाला वाटलं, आणि त्या मागतील म्हणून ती लहान पोरीसारखी वाट बघत राहिली. त्यांनी माफी मागितली नाही. "आणि माका कळला कसा नाय?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं, बाबा करायचे तसं. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी अक्षदानं वाटीतून चमच्यानं पाणी दिलं, तेव्हा मात्र ओठ मिटले नाहीत. घोट गळ्यातून उतरताना दिसत होता.

थोडे दिवस बरे गेले. जाईबाई पाणी प्यायच्या, डायपरही लावू द्यायच्या, फक्त त्या वेळी डोळे मिटून घ्यायच्या. पण मूत्रपिंडांना जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. जानेवारीत पुन्हा इन्फेक्शन झालं, रक्तात पसरलं. दुपारच्या वेळी, अक्षदा हात धरून बसलेली असताना त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मेट्रन म्हणाल्या, सेवा केलीस, सुटली बिचारी. अक्षदानं मान हलवली. आईनं पाणी तोडलं ते कोणत्या दिवशी आणि कुणामुळे, हे तिला माहीत होतं. सुरुचीलाही माहीत होतं. तेराव्यापर्यंत सुरुची रोज डबा घेऊन आली. एकदा डबा ठेवताना म्हणाली, "लहानपणी आम्ही तुला चिडवायचो. आठवलं की..." आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. अक्षदा म्हणाली, "बस जरा." दोघी फरशीवर शेजारी बसून राहिल्या.

महिन्याभरानं ती शेफालींकडे गेली.

"मी मारलं तिला," ती म्हणाली. "कितीही जणींना आत जागा देऊन बसवा, ही गोष्ट बदलत नाही."

शेफालींनी समजूत काढली नाही. "हे म्हणणारी कोण आहे?" असंही त्या दिवशी विचारलं नाही. बाहेर कुणीतरी बदामाची पानं झाडत होतं.

मग अक्षदाच म्हणाली, "ती दारातली बाई रडतेय. रोज रडते. ओरडायचंच विसरलीय."

"तिला काय हवंय?"

"तिला भीती वाटते की आता तिचं काम संपलं, म्हणजे मी तिला घालवून देईन." अक्षदानं रुमालाची घडी उलगडली, परत घातली. "मॅडम, तिचा आवाज आईचा आहे. घरात आता तो कुठेच नाही. फोनमध्येही नाही, आईला फोनवर बोलायला आवडायचं नाही. फक्त हिच्याकडेच उरलाय. हिला मी कशी घालवू?"

"घालवायची नाहीच."

"मग ती काय करेल माझ्याकडे?"

"तुम्ही दोघी मिळून ठरवा. घाई नाही."

अक्षदा बाहेर पडली. पार्काच्या कट्ट्यावर ऊन होतं, नेट्समध्ये पोरं बॅट आपटत होती. ती कट्ट्यावर टेकली. शेजारी एक आजोबा कुणाशीतरी फोनवर भांडत होते. तिच्या छातीत जड होतंच, ते कुठे जाणार नव्हतं. ती लहान मुलगी हल्ली गॅलरीत नसायची, घरात कुठेतरी असायची, गप्प. बोलायला तिला अजून वेळ लागणार होता. दुपारची ड्युटी होती. अक्षदा उठली, चपला झटकल्या आणि परळच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.